माहीत नसण्याचा अधिकार

जुनी मोटार विकत घ्यायला आलेला माणूस आधी रंग पाहतो. मग दारे उघडून लावून पाहतो, टायरवर बुटाचे टोक आपटतो, आणि शेवटी बॉनेट उघडायला सांगून आत अशा गंभीरपणे डोकावतो, की जणू विहिरीत पाणी किती आहे ते त्याला काठावरूनच कळणार आहे. इंजिन चालू असते. आवाज बरा येतो. विकणारा शेजारी उभा राहून 'एका हातची गाडी' एवढे दोनदा म्हणतो. व्यवहार होतो. जे पाहायला हवे होते ते मात्र कुणीच पाहिलेले नसते, कारण ते डोळ्यांना दिसणारे नाही. बिडाच्या चार नळकांड्यांत दर मिनिटाला शेकडो वेळा हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जात असते. ते पुरते दाबले जाते की कुठून तरी निसटते, यावर त्या गाडीचे पुढचे आयुष्य आणि घेणाऱ्याच्या खिशाचे आरोग्य अवलंबून असते.

हे तपासण्याची एक साधी रीत आहे. तिला गॅरेजात 'कॉम्प्रेशन बघणे' म्हणतात. या रीतीविषयी आणि तिच्या आडून उभ्या राहणाऱ्या एका नैतिक प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे. प्रश्न असा : एखादी गोष्ट सहज कळू शकत असताना जो माणूस ती मुद्दाम कळू देत नाही, आणि मग 'मला माहीत नव्हते' असे म्हणतो, तो खरे बोलतो की खोटे? आमच्या भागात हा प्रश्न दोन भाषांत पडतो. मराठीत 'माहीत नाही' आणि कन्नडात 'गोत्तिल्ल'. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी दहा मिनिटे उभे राहावे, म्हणजे या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच समृद्ध असल्याचे ध्यानात येते.

आधी ती रीत समजून घेऊ. आमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या फियाट, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी, आणि अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांची इंजिने चार सिलिंडरांची. प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन वरखाली होतो. (शाळेच्या पुस्तकात त्याला 'दट्ट्या' म्हणतात; गॅरेजात तो शब्द वापरला तर मेस्त्री आपल्याकडे दयेने पाहतात.) पिस्टन वर येताना मिश्रण त्याच्या मूळ आकारमानाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबले जाते, आणि मग ठिणगी पडते. पिस्टनच्या कडेच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरची भिंत घासली, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसेनासा झाला किंवा वरच्या हेडखालचे गॅस्केट फाटले, तर कोंबलेले मिश्रण निसटते. मग ठिणगी पडूनही जोर येत नाही. गाडी चढाला रडते, ऑइल पिते, निळसर धूर सोडते.

पूर्वीचे मेस्त्री हे हाताने ओळखत. या गाड्यांना पुढून हँडल घालून इंजिन फिरवता येत असे. हँडल सावकाश फिरवले की दर अर्ध्या फेऱ्याला एकेका सिलिंडरचा दाब हाताला लागतो. एखादा सिलिंडर दुबळा असला तर हात तिथे अलगद पुढे सरकतो. हे ज्ञान मनगटात असे, आणि ते मनगटाच्या मालकाबरोबरच जाई. कॉम्प्रेशन मीटर आला आणि हेच ज्ञान काट्यावर उतरले. हातात मावणारे घड्याळासारखे गोल उपकरण. इंजिन नेहमीइतके तापवायचे, बॅटरी भरलेली आहे याची खात्री करायची, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढायची, चारही प्लग काढायचे, एका प्लगच्या भोकात मीटर बसवायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन पाच-सहा झटके घेते, काटा चढतो आणि वर चढलेला तिथेच थांबतो. बटण दाबून हवा सोडेपर्यंत खाली येत नाही. आकडा लिहायचा, पुढचा सिलिंडर घ्यायचा. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

समजा चार आकडे आले : १३०, १२८, ८५, १२६. तिसरा आजारी आहे हे सांगायला पंडित नको. दर गाडीचा योग्य आकडा वेगळा असतो, पण सर्वसाधारण संकेत असा, की सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नये; काटेकोर माणसे दहा टक्क्यांचा फरक दिसला तरी भुवया उंचावतात. आता त्या तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा भिंत झिजलेली, कारण ऑइलने ती फट घटकाभर बुजवली. आकडा होता तिथेच राहिला तर व्हॉल्व्हचा दोष, कारण ऑइल तिथवर पोचत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली असतील तर बहुधा दोघांमधले गॅस्केट गेलेले. इंजिन न उघडता, एक नट न सोडता, आतला रोग कुठे आहे इथवर माणूस पोचतो. मला ही रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा तर्कशास्त्राच्या तासाची आठवण झाली होती. एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे स्थिर ठेवायचे आणि फरक पाहायचा. मिलने जी रीत पुस्तकात घातली ती मेस्त्री चमचाभर ऑइलाने पार पाडतो.

या चमचाभर ऑइलची एक काळी बाजूही आहे. फट घटकाभर बुजते हे जसे तपासणाऱ्याला माहीत, तसे फसवणाऱ्यालाही माहीत. गाडी विकायच्या आधी इंजिनात जाडजूड ऑइल भरायचे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायचे, म्हणजे सकाळच्या पहिल्या सुरुवातीचा धूर दिसत नाही. काही दिवस गाडी गुणी मुलासारखी वागते. हा मात्र सरळ सरळ लबाडीचा प्रांत झाला आणि त्याबद्दल फार चर्चा करण्याजोगे काही नाही. चर्चा करावी असा माणूस वेगळा आहे. तो जाडे ऑइल भरत नाही, इंजिन तापवून ठेवत नाही. तो फक्त मीटर लावू देत नाही.

असा एक प्रसंग मला खानापूर रोडवरच्या एका मेस्त्रींनी सांगितला. १९९८ सालची गोष्ट. शहरातल्या एका निवृत्त गृहस्थांची पद्मिनी विकायची होती. घेणारा खानापूर तालुक्यातला एक तरुण. सोसायटीचे कर्ज काढून तो गाडी घेत होता आणि ती भाड्याने चालवून कर्ज फेडणार होता. विकायच्या आधी गृहस्थ गाडी मेस्त्रींकडे घेऊन आले : ट्यूनिंग करा, कार्ब्युरेटर साफ करा. मेस्त्रींना आवाजावरून शंका आली.

"मी विचारलो, 'साहेब, मीटर लावून बघू काय? अर्ध्या तासाचं काम हाय.' तर म्हणाले, 'नको मेस्त्री. तुम्ही लावलात तर मला कळणार. कळलं तर त्याला सांगावं लागणार.' मी गप बसलो."

गाडी विकली गेली. तरुणाने विचारले होते, "इंजिनचं काही काम आहे का?" गृहस्थ म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे नाही." सहा महिन्यांच्या आत ती पद्मिनी त्याच मेस्त्रींच्या दारात आली, ऑइल पीत. आता मीटर लागला. तिसऱ्या सिलिंडरात ७८. चमचाभर ऑइलनंतर ११०. बोअर करणे, नवे पिस्टन, नव्या रिंगा. लग्नसराईचा सगळा हंगाम गाडी उभी आणि सोसायटीचा हप्ता चालू. गृहस्थांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटले म्हणतात. पण आपण खोटे बोललो असे त्यांना शेवटपर्यंत वाटले नाही. त्यांचे वाक्य शब्दशः खरे होते. त्यांच्या माहितीप्रमाणे इंजिनचे काही काम नव्हतेच. त्यांनी आपली माहिती तेवढी बेताची ठेवली होती.

कायद्याला विचारावे तर भारतीय करार कायदा, १८७२, याचे सतरावे कलम फार मौजेचे आहे. त्यात 'कपट' म्हणजे काय ते सांगितले आहे आणि खाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत होते, पण तो काहीच बोलला नाही. हे कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. घोड्याच्या जागी मोटार घालावी. उदाहरणे तशीच चालतात. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. या उदाहरणांतल्या विकणाऱ्याला दोष माहीत आहे. गप्प बसण्याचा प्रश्न माहितीपासून सुरू होतो. पुढचे अठरावे कलम आणखी एक पाऊल टाकते : आपल्याजवळच्या माहितीचा आधार नसताना एखादी खोटी गोष्ट ठासून सांगणे, मग सांगणाऱ्याला ती खरी वाटत असली तरी, तेही गैर धरले आहे. म्हणजे गृहस्थ 'इंजिन उत्तम आहे' असे म्हणाले असते तर सापडले असते. 'माझ्या माहितीप्रमाणे नाही' या तीन शब्दांनी ते दोन्ही कलमांच्या मधल्या फटीतून बाहेर पडले. आणि फट म्हटली की मला पुन्हा त्या झिजलेल्या रिंगा आठवतात.

न सांगण्याचा वाद जुना आहे. इसवीसनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटावरच्या दुष्काळाचे उदाहरण आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन ऱ्होड्सला पोचतो. मागून आणखी जहाजे धान्य घेऊन येत आहेत हे त्याला माहीत आहे. ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळे सांगायला हवे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. घरे-दारे, गुरे-घोडे, मोटारी. माल बदलत गेला तरी बाजारातला हा वाद दोन हजार वर्षे तसाच आहे. पण इथेही व्यापाऱ्याला माहीत आहे. आपल्याकडचा धर्मराजसुद्धा अश्वत्थाम्याविषयी अर्धे बोलला तेव्हा त्याला पूर्ण माहीत होते, म्हणून त्याचा रथ जमिनीला टेकला. आपल्या गृहस्थांचा रथ चार अंगुळे वरूनच चालत राहिला असता.

त्यांच्या जवळचे पात्र महाभारतात आहे ते गांधारी. तिने डोळ्यांवर पट्टी बांधली हे आपण लहानपणापासून पातिव्रत्याचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. पती आंधळा, म्हणून आपणही पाहायचे नाही. माझे मत यात जरा वेगळे आहे, आणि आमच्या घरात त्यावर वाद झालेले आहेत. धृतराष्ट्राला पाहता येत नव्हते. गांधारीला पाहता येत होते. त्या घरात शंभर मुलगे वाढत होते आणि त्यांच्याकडे पाहू शकणारे आईचे दोन डोळे पट्टीखाली होते. पट्टी बांधताना तिचा हेतू थोर असेलही. पण त्या पट्टीचे मोल तिने एकटीने चुकवले नाही.

या प्रश्नावर सगळ्यांत नेमके बोट ठेवले ते विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने. हा बिचारा तेहतिसाव्या वर्षीच, १८७९ मध्ये वारला. त्याआधी १८७७ मध्ये त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने, वारंवार दुरुस्त केलेले. ते प्रवाशांना घेऊन निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते की ते सागरात टिकेल की नाही. तपासणी करायची तर खर्च आहे. मग तो मनाची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, याही वेळी होईल, देव आहे, बांधणाऱ्यांवर संशय घेणे बरे नव्हे. हळूहळू त्याचा अगदी प्रामाणिक विश्वास बसतो. जहाज बुडते आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंना दोषी आहे, कारण त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. तो तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. आणि पुढे आणखी कठोर : समजा जहाज बुडले नाही, सुखरूप पोचले, तरीही तो तितकाच दोषी. दोष निष्पत्तीचा नाही, विश्वास कसा मिळवला त्याचा आहे.

क्लिफर्डला विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिले. आयुष्यात असेही प्रश्न येतात जिथे पुराव्याची वाट पाहत बसणे हाच एक निर्णय ठरतो. तिथे माणसाने विश्वास ठेवायचे धाडस करावे, असे त्याचे म्हणणे. मैत्री, प्रेम, देव यांबाबत मला जेम्स पटतो. पण पद्मिनीचा तिसरा सिलिंडर काही देवासारखा अगम्य नव्हता. मीटर मेस्त्रींच्या हातात होता.

माझ्या विचाराचा काटा इथे येऊन थांबतो. न कळण्याचे मोल कळण्याच्या खर्चावरून ठरवावे. इंजिनाचे हेड उतरवल्याशिवाय आतले काही कळत नाही अशी स्थिती असती, दोन दिवस आणि बरेच पैसे लागले असते, तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर आपण मान्य केले असते. अर्ध्या तासात कळू शकते अशी सोय झाली त्या दिवसापासून ते उत्तर हलके झाले. दर नवे उपकरण माणसाच्या हातातली एखादी सबब काढून घेते. थर्मामीटर आल्यावर 'अंग जरा कोमट वाटले' म्हणून मुलाला शाळेत पाठवणे पूर्वीइतके निरागस राहिले नाही.

पण मग माणसाला न कळून घेण्याचा काहीच अधिकार नाही काय? आहे, आणि तो जगाने मानलेलाही आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने मानवी जनुकांविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आपल्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. इलाज नसलेला आजार पुढे होणार आहे, हे ज्याला आज ऐकायचे नाही, त्याच्या दारात रिपोर्ट घेऊन उभे राहण्याचा अधिकार कुणाला नाही. तसेच कुणी म्हातारा आपली जुनी अँबॅसेडर दर रविवारी देवळापर्यंत नेतो आणि मीटर लावू देत नाही, कारण आकडा कळला तर मुलगा गाडी मोडीत काढायला लावेल. लावू नये त्याने. न कळण्याची किंमत तो स्वतः मोजतो आहे. शिवाय कॉम्प्रेशन कमी झाले म्हणून गाडी दरीत जात नाही, ब्रेक गेले म्हणून जाते. ब्रेकच्या बाबतीत मी त्या म्हाताऱ्यालाही ही सवलत देणार नाही. न कळण्याचा हक्क आपल्या अंगणापुरता असतो. बिल दुसऱ्याच्या नावावर फाटू लागले की त्याचा हक्क राहत नाही.

'घेणाऱ्याने तपासून घ्यावे' असे यावर कुणी म्हणेल. म्हणतातच. १९३० च्या मालविक्री कायद्याचा रोखही पुष्कळसा तिकडेच आहे; घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषाबद्दल त्याला नंतर तक्रार करता येत नाही. यातून एक विचित्र शहाणपण जन्माला येते : विकणारा तपासत नाही म्हणजे त्याला सांगावे लागू नये, आणि घेणारा तपासत नाही म्हणजे त्याच्यावर जबाबदारी येऊ नये. दोघे एका बंद बॉनेटभोवती उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात. याचा शेवट काय होतो ते जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. आतले विकणाऱ्यालाच ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी वाईट असेल असे धरून भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकतच नाही. बाजारात उरतात त्या वाईट गाड्या. या लेखासाठी त्याला पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अकेरलॉफच्या बाजारात निदान विकणाऱ्याला तरी माहीत आहे. दोघांनीही न पाहायचे ठरवले तर त्या बाजाराचे काय होईल, हे एखाद्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने मांडून पाहावे. त्याला दूर जायला नको. आमच्याकडे स्थळे पाहण्याचे कार्यक्रम अजून होतात.

माझा दिवस शाळेत जातो, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर या न लावलेल्या मीटराचे दुसरे रूप सारखे येते. २००५ पासून 'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांत होते. तिचे उपकरण म्हणजे एक कागद : थोडी अक्षरे, थोडे शब्द, एक सोपा परिच्छेद, एक छोटी गोष्ट. मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचे, बस्स. पाचवीतल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही, असे वर्षानुवर्षे त्या कागदाने सांगितले. कॉम्प्रेशन मीटराहूनही स्वस्त उपकरण! तरीही तो कागद सातवीच्या मुलासमोर ठेवायला हात का कचरतो, हे शिक्षकाला विचारून पाहावे. कळले तर शिकवावे लागेल. वर्गात पंचावन्न मुले, पोर्शन पुरा व्हायचा आहे. न वाचता येणारा मुलगा बाकीच्यांच्या आवाजात आवाज मिसळून कविता म्हणतो. चारांपैकी एक सिलिंडर दुबळा असला तरी सपाट रस्त्यावर बाकीचे तीन गाडी ओढतातच. चोर्ल्याचा चढ लागतो तेव्हा कळते. त्या मुलाचा चढ दहावीला लागतो.

मात्र मीटर लावला म्हणजे न्याय झाला असेही नाही, आणि हे मेस्त्रींकडून शिकण्याजोगे आहे. ॲक्सिलरेटर न दाबता सेल्फ मारला तर हवा आत पुरेशी जातच नाही, आणि चांगला सिलिंडरही दुबळा दिसतो. बॅटरी उतरलेली असली, इंजिन थंड असले, तरी तेच. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत अशा मुलाचा आकडा कमी आला, तर तो त्याच्या अंगातला जोर की आपण मिटून ठेवलेला थ्रॉटल? आमच्या भागातल्या आयाबापांना हा प्रश्न दर जूनमध्ये पडतो. आकडा कुठे घेतला तेही पाहावे लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच; इथली हवाच पातळ. पणजीला १४२ दाखवणारे इंजिन घाट चढून इकडे आले की १३० च्या आसपास दाखवते, आणि इंजिनात काहीच बिघडलेले नसते. म्हणून शहाणा मेस्त्री पुस्तकातल्या आकड्याशी भांडत बसत नाही. एकाच इंजिनाच्या चार सिलिंडरांची आपसांत तुलना करतो. आणि एकाच मुलाच्या जूनच्या आकड्याची मार्चच्या आकड्याशी तुलना करावी, असे मला वाटते. तुकडीच्या यादीशी नव्हे.

राहता राहिले मेस्त्री. गृहस्थांना आपण पुरेसे बोल लावले. पण हँडलावरून आणि आवाजावरून ज्याला शंका आली, त्या मेस्त्रींनी खानापूरच्या तरुणाला बोलायला हवे होते का? ते गाडी दुरुस्त करत होते गृहस्थांची, मजुरी घेत होते गृहस्थांची. डॉक्टर रोग्याचे गुपित शेजाऱ्याला सांगत नाही. पण शेजारी तो रोग विकत घेत असेल तर? माझ्या मते त्यांनी निदान एवढे म्हणायला हवे होते : 'मीटर लावून घे, दादा.' तरुण त्यांच्याकडे आलाच नव्हता हे खरे. विचारले असते तर सांगितले असते, असे मेस्त्री म्हणतात. मी त्यांना विचारले, मग आता असे कुणी आले तर काय करता?

"आता सोप्पं केलंय, सर. गाडी कुणाची का असंना, इंजिनला हात लावायच्या आधी मीटर लावतो. नको म्हणणाऱ्याची गाडी घेत नाही. चार आकडे आणि तारीख खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहितो. बॉनेट उघडणाऱ्याला दिसतंय, न उघडणाऱ्याला नाही."

एखादा मालक म्हणतो, पुसा ते. तेव्हा मेस्त्री त्याच्या हातात फडके देतात आणि स्वतः चहा प्यायला समोरच्या टपरीवर जातात.